कूपतोड चालू असलेलं सरकारी सागवान जंगल ग्रुपला दाखवायचंय? मग हा क्रम पाळा

दर थंडीत कुणी ना कुणी विचारतं, "चंद्रपूर-गडचिरोलीकडे पोरांना घेऊन येतोय, जंगल दाखवायचंय, सफारी नको, खरं काम बघायचंय." विचार झकास असतो पण पुढे सगळं उलट्या क्रमाने होतं. आधी बस बुक होते, मग तारीख ठरते, मग आदल्या दिवशी रेंज ऑफिसला (वनपरिक्षेत्र कार्यालयाला) फोन जातो आणि तिकडून उत्तर येतं की साहेब दौऱ्यावर आहेत. मग ती बस ताडोब्याच्या गेटवर एक फोटो काढून परत जाते.

हा लेख फक्त त्या जंगलांबद्दल आहे जिथे सरकार लागवड करतं, विरळणी करतं (दाटीतली काही झाडं काढतं), झाडं तोडतं आणि विकतं. तोडीसाठी ठरवून दिलेल्या जंगलाच्या तुकड्याला कूप म्हणतात. म्हणजे बल्लारशाह, मध्य चांदा, आलापल्ली हा पट्टा, वनविकास महामंडळाची सागवान रोपवनं आणि लाकूड आगारं (तोडलेलं लाकूड आणून ठेवतात आणि विकतात ती जागा). इथे तिकीट खिडकी नसते, जिप्सी नसते, ठरलेला गाईड नसतो. तिथलं काम त्यांच्या वेळेने चालतं आणि आपल्याला त्यात मावायचं असतं, एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं.

1. आधी काय बघायचं ते ठरवा, तारीख नंतर

बहुतेकांचं इथेच चुकतं. "जंगल बघायचंय" म्हणजे काहीच ठरलं नाही. प्रत्येक काम वेगळ्या महिन्यात असतं.

तोड, ओंडक्यांची ओढाई आणि भरलेलं आगार हे सगळं एकाच फेरीत बघायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. हवा चांगली, गवत वाळून खाली बसलेलं, रस्ते कोरडे. शाळेच्या ग्रुपला मी दुसरा काळ सुचवतच नाही. जानेवारीत गेलात तर जाळरेषांचं कामही दिसतं, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यांतलं गवत-पाला मुद्दाम जाळून साफ करतात, म्हणजे पुढे वणवा आला तर तो तिथे अडावा.

15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. त्या काळात वनखात्याचा प्रत्येक माणूस आगीच्या मागे असतो, तुमच्या ग्रुपसोबत फिरायला कुणी मोकळा नसतो आणि मागितली तरी परवानगी अवघडच. मोहफुलं वेचणं आणि तेंदूपत्ता तोडणं बघायचं असेल तर मात्र हाच हंगाम (मार्च-एप्रिलला मोह, त्यानंतर तेंदू), पण उन्हाचा विचार करून फक्त मोठ्या माणसांचा छोटा ग्रुप न्या.

लागवड पावसाळ्यात असते. सागाचं बी तसंच्या तसं पेरलं तर उगवायला फार त्रास देतं, म्हणून आळीपाळीने भिजवून-वाळवून पेरतात, आणि जंगलात लावताना बऱ्याचदा अख्खं रोप न लावता त्याची जडी लावतात, म्हणजे अंगठ्याएवढं जाड मूळ आणि वर दोन-तीन सेंटीमीटरचा खुंट. बघायला मजा येते पण त्या दिवसांत चिखल, साप, मलेरिया हे सगळं असतं, तर पोरांना जंगलात न नेता रोपवाटिकेत न्या. तिथे हेच सगळं पक्क्या रस्त्यावर बघायला मिळतं. बांबूत रस असेल तर चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, ते वेगळ्या दिवसाला ठेवा. एका दिवसात सगळं कोंबू नका.

*चेक: "आम्हाला अमुक काम बघायचंय" हे एका वाक्यात लिहिता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.*

2. जंगल कुणाचं ते शोधा

बाहेरून सगळं सारखंच सागवान दिसतं पण रस्त्याच्या डावीकडे एक मालक आणि उजवीकडे दुसरा असं सर्रास असतं. चार शक्यता आहेत.

प्रादेशिक वनविभाग असेल तर अर्ज उप वनसंरक्षकांच्या नावाने, प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना (सगळे आरएफओच म्हणतात). वनविकास महामंडळाचं रोपवन असेल तर त्यांच्या विभागीय व्यवस्थापकांकडे, कारण महामंडळाची ऑफिसं वेगळी, माणसं वेगळी. वनखात्याची परवानगी महामंडळाच्या कूपात चालत नाही, याच्यावरून जंगलाच्या तपासणी नाक्यावर तासनतास वाद होतात. व्याघ्र प्रकल्प किंवा त्याचं बफर असेल तर या लेखातलं काही लागू होत नाही, तिथले नियम आणि बुकिंग पूर्ण वेगळं.

आणि चौथी शक्यता लोक विसरतातच. गडचिरोलीत बऱ्याच गावांना सामूहिक वनहक्क (गावाजवळच्या जंगलावर अख्ख्या गावाचा कायदेशीर हक्क) मिळालेत, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे त्यातलं सगळ्यात माहितीचं. तिथे बांबू, तेंदू यांचा कारभार ग्रामसभा बघते, तर विचारायचं ग्रामसभेला. गावात सरळ गाडी घुसवून मोबाईल काढायचा नाही. ओळखीच्या माणसामार्फत आधी निरोप द्या, कोणत्या दिवशी बसायला सोयीचं आहे ते विचारा. जेवण गावात घेणार असाल तर पैसे आधी बोलून ठरवा, "आम्ही पाहुणे" म्हणून फुकट खाऊ नका.

3. अर्ज: तीन-चार आठवडे आधी, आणि फोनवर विसंबू नका

एक पानाचा अर्ज पुरतो. त्यात काय हवं तर संस्थेचं नाव, कारण, तारीख आणि एक पर्यायी तारीख, माणसं किती, त्यात मुलं किती आणि कोणत्या वयाची, गाड्यांचे नंबर, सोबतच्या जबाबदार माणसाचा मोबाईल, आणि काय बघायचंय ते वाक्य. नावांची यादी वेगळ्या कागदावर जोडा.

इथे एक शहाणपण करा. कक्ष क्रमांक (जंगलाच्या नकाशावरच्या तुकड्याचा नंबर) तुम्ही सुचवू नका. "ज्या कूपात काम चालू आहे आणि नेणं सुरक्षित आहे असा कक्ष आपण सुचवावा" असं लिहा. नेटवरून नंबर उचलून लिहिलात आणि तिथली तोड मागच्याच वर्षी उरकली असेल तर परवानगी मिळेल आणि बघायला नुसते खुंट मिळतील.

ड्रोन उडवायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी मागा, आणि खरं सांगायचं तर नकोच, त्या एका ओळीमुळे अख्खा अर्ज अडकून बसतो.

परवानगी आली की आरएफओ ऑफिसला फोन करून बीटच्या (म्हणजे त्या हद्दीच्या) वनरक्षकाचं, म्हणजे गार्डचं, नाव-नंबर घ्या, कारण त्या दिवशी खरी गाठ त्याच्याशीच आहे. त्याला दोन गोष्टी विचारा. एक, कूपापर्यंत बस जाते का (बहुतेकदा नाही, शेवटचे काही किलोमीटर बोलेरोसारखी गाडी किंवा चालणं). दोन, जवळच्या गावाचा आठवडी बाजार कोणत्या दिवशी. बाजाराच्या दिवशी मजूर कामावर कमीच असतात आणि तुम्ही रिकामं कूप बघून याल. रविवारचंही तेच.

*इशारा: रेंज ऑफिसातून "या तुम्ही, बघू" असं तोंडी उत्तर आलं तर ती परवानगी नाही. नाक्यावर कागद लागतो, त्याच्या तीन झेरॉक्स ठेवा.*

4. निघायच्या आधी वर्गात एक तास

हा तास बरेच जण गाळतात आणि मग कूपात पहिलं झाड पडलं की दोन-चार पोरं रडायला लागतात, शिक्षक गोंधळतात, आणि गार्डला अपराध्यासारखं उभं राहावं लागतं. पुस्तकात "झाडे लावा झाडे जगवा" वाचलेल्या मुलाला सरकारी माणूस झाड पाडतोय हे आधीच सांगायला हवं.

सांगायचं ते असं. रोपवनात दोन-दोन मीटरवर झाडं लावली तर हेक्टरी 2500 बसतात, ती सगळी मोठी होऊच शकत नाहीत, उजेडासाठी भांडत सगळीच काटकुळी राहतात. म्हणून टप्प्याटप्प्याने विरळणी करून शेवटी काहीशेच ठेवतात. कुठे, कोणत्या वर्षी, किती तोडायचं हे कार्य आयोजनेत (वनखात्याच्या अनेक वर्षांच्या कामाच्या आराखड्यात) आधी लिहिलेलं असतं. आणि साग तोडला की बुंध्यातून फुटवे येतात. एवढं सांगून पुढचं पोरांना विचारू द्या. एकाच जातीची झाडं लावल्याने बाकी जंगलाचं काय होतं, पैसा कुणाला जातो, जवळच्या गावाला काय मिळतं, हे प्रश्न त्यांना पडले तर दाबू नका, उलट लिहून घ्या आणि तिथे गार्डला, मजुरांना विचारा. मजुरांची उत्तरं जास्त मोकळी असतात.

5. कपडे आणि सामान

जंगल म्हटलं की लोक मिलिटरी छापाचे कपडे घालतात. गडचिरोलीत तर अजिबात घालू नका, तिथली नक्षलवादाची पार्श्वभूमी सगळ्यांना माहिती आहे, पोलीस थांबवतील आणि गावकरी बुजतील ते वेगळंच. दुसरं म्हणजे इथे आपल्याला लपायचं नाहीये. कुऱ्हाडवाल्याला आणि ट्रॅक्टरवाल्याला आपण लांबून दिसलं पाहिजे. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट मोज्यात खोचलेली, घोट्यापर्यंतचे बूट, आणि डोक्यावर भडक रंगाची टोपी, सगळ्या ग्रुपची एकच.

अत्तर, डिओ, वासाचं तेल नको. त्या भागात आग्या मोहोळ असतं.

सामानात माणशी दोन ते तीन लिटर पाणी, डबा, कापडी मोजपट्टी, खडू, वही, शिट्टी, प्रथमोपचार पेटी. ऑफलाईन मॅप उतरवून ठेवा, नेटवर्क जाणारच. काडेपेटी-लायटर गोळा करून बसमध्येच ठेवा, चहाचा स्टोव्हही नको. राखीव वनात परवानगीशिवाय आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम 1927 प्रमाणे गुन्हा आहे, "आम्ही विझवली होती" हे चालत नाही.

जवळचं सरकारी हॉस्पिटल कोणतं ते आधी बघून ठेवा. आलापल्लीला असाल तर अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय. वहीच्या पहिल्या पानावर 108 आणि वनखात्याची हेल्पलाईन 1926 लिहा.

6. दिवसाचा क्रम: कूप आधी, आगार नंतर

उलटं करणारे खूप असतात, कारण आगार रस्त्यावर असतं आणि बस तिथे सहज थांबते. पण मजूर सकाळी लवकर लागतात आणि ऊन चढलं की बसतात. आगार हे ऑफिस आहे, दुपारी पण उघडंच असतं. तर सकाळी रेंज ऑफिसला हजेरी, तिथेच सगळ्यांचं टॉयलेट उरकून घ्या (मुलींसाठी हे फार महत्त्वाचं, पुढे सोय नाही आणि गवतात एकट्याने बसायला पाठवणं या वाघांच्या भागात धोक्याचं आहे), मग नऊच्या आत कूपात. बारापर्यंत बाहेर, जेवण, दुपारी आगार. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे चारनंतर जंगलात नवीन काही सुरू करायचं नाही.

आलापल्लीकडे जात असाल तर आष्टीच्या पुढे रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक सतत असतात, रस्त्याची हालत त्यामुळे जी व्हायची ती झालीये. मॅप जो वेळ दाखवतो त्यात एक तास सरळ वाढवा.

7. कूपात शिरल्यावर

पहिला नियम अंतराचा. झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट लांब उभं राहायचं, म्हणजे 25 मीटरचा साग असेल तर 50 मीटर. गार्डला जागा विचारा, खडूने किंवा दोरीने रेष आखा आणि पोरांना तिच्या मागे ठेवा. पडताना एखादं झाड दुसऱ्यात अडकलं तर ते कधी सुटेल सांगता येत नाही, त्याच्याखालून कुणी जायचं नाही, फोटोला तर नाहीच.

दुसरा नियम उताराचा. ओंडके उतरवत असतील तर त्यांच्या खालच्या अंगाला थांबायचं नाही.

तोड थांबली, गार्डने हो म्हटलं, की मग पुढे जाऊन खुंट बघा. कूपातला हा सगळ्यात भारी भाग आणि लोक त्यावर बसून डबा खातात! तोडायच्या झाडावर दोन ठिकाणी खूण असते, एक छातीच्या उंचीवर आणि एक पार बुडाशी, साल तासून नंबर टाकलेला आणि सरकारी हातोड्याचा ठसा मारलेला. वरची खूण ओंडक्यासोबत जाते. बुडाची खूण खुंटावर राहते, म्हणजे नंतर तपासणीला येणाऱ्याला कळतं की हे झाड हिशेबातलं होतं की चोरीचं. पोरांना आधी वाकून तो ठसा शोधायला लावा. ठसा नसलेला खुंट सापडला तर गार्डला दाखवा आणि तो काय म्हणतो ऐका.

मग वलयं मोजा. सागाची वलयं ठळक असतात. खुंट जुना होऊन काळवंडला असेल तर वर थोडं पाणी शिंपडलं की उठून दिसतात. बाहेरचा फिकट पट्टा म्हणजे रसकाष्ठ, आतलं सोनेरी तपकिरी ते पक्कं लाकूड. मधून बाहेर मोजत दर दहाव्या वलयावर खडूची टिंब करा. दोघांचं उत्तर दोन-तीनने वेगळं आलं तर भांडू नका, किड्यांनी एखाद्या वर्षी पानं खाऊन टाकली की खोटं वलयही पडतं. नंतर रोपवनाचं लागवड वर्ष गार्डला विचारून ताळा करा.

उभ्या झाडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर मोजतात. चुका ठरलेल्या: पट्टी तिरकी धरणं, आणि उतारावर खालच्या बाजूला उभं राहून मोजणं. वरच्या बाजूने मोजायचं.

*इशारा: हात कुठेही लावू नका. थंडीत खाजकुहिलीच्या शेंगा पिकलेल्या असतात, तपकिरी मखमलीसारख्या दिसतात म्हणून पोरं हात लावतातच, मग दिवसभर खाजवत बसतात. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून केस काढा आणि मग धुवा. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर भाजल्यासारखे फोड येतात.*

आग्या मोहोळ उठलं तर खाली बसायचं नाही, हात हलवायचे नाहीत, तोंड झाकून सरळ गाडीकडे पळायचं आणि काचा लावायच्या. साप चावला तर पाय हलू न देता आडवं ठेवून गाडीत घालायचं आणि हॉस्पिटल. कापणं, घट्ट बांधणं, गावठी औषध यात वेळ घालवायचा नाही.

आणि काही उचलायचं नाही. सागाची बी, वाळकं फूल, छानसा लाकडाचा तुकडा, काहीच. राखीव वनातून वनउपज नेणं हाही गुन्हाच आहे आणि परतीच्या नाक्यावर बॅगा बघितल्या तर तुमच्यासाठी पत्र देणाऱ्या अधिकाऱ्याला खाली बघावं लागतं.

8. आगारात गणित करा

आगारात लोक दहा मिनिटं फिरून बाहेर येतात. "लाकडंच लाकडं." पण इथे निदान तासभर जातो, तुम्ही मोजपट्टी काढलीत तर.

प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर नंबर, लांबी, घेर लिहिलेला असतो. सारख्या प्रतीच्या ओंडक्यांचे लॉट लावलेले असतात, लिलाव लॉटचा होतो. एक ओंडका निवडा, मधोमध घेर मोजा आणि घनमीटर काढा. पद्धत अशी: घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर 1.20 मीटर आणि लांबी 3 मीटर असेल तर 0.30 गुणिले 0.30 गुणिले 3, म्हणजे 0.27 घनमीटर.

आता आठवी-नववीच्या पोरांना वृत्तचितीच्या सूत्राने तोच ओंडका काढायला सांगा. 0.344 येतं. म्हणजे व्यवहारातलं सूत्र खऱ्या आकारमानाच्या 78.5 टक्केच धरतं, बाकी साल आणि करवतीत जाणारा भुसा-फळकुटं यांची सूट समजायची. पाय (π) भागिले चार करून बघा, तोच आकडा येतो. वर्गात पाय शिकवताना जांभया देणारी पोरं इथे ओंडक्याभोवती गर्दी करतात.

ओंडक्यांच्या थप्पीवर चढायचं नाही. कुणी कितीही "एकच फोटो" म्हणो, खालचा एक सरकला की सगळे गडगडतात. ट्रक-क्रेन चालू असेल त्या बाजूला फिरकू नका.

आलापल्लीला गेलात आणि वेळ उरला तर "वनवैभव" बघून या. न तोडता राखलेला तो जंगलाचा तुकडा 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालाय. सकाळी मोजलेल्या रोपवनानंतर लगेच तिथे गेलं तर दोन्हीतला फरक सांगावा लागत नाही. एकाच आकड्याच्या घेराची झाडं इथे शोधूनही सापडत नाहीत.

9. परत आल्यावर

बसमध्ये चढायच्या आधी डोकी मोजा, बॅगा झटका. मुक्कामी पोचल्यावर गरम पाण्याने अंघोळ, आणि काखेत, कानामागे, कमरेच्या नाडीखाली गोचीड बघा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-रॉकेल लावत बसू नका.

आठवड्याभरात उप वनसंरक्षकांना एक पानाचं पत्र पाठवा, पोरांनी मोजलेले घेर-वलयांचे आकडे जोडून. हे क्वचितच कुणी करतं, आणि पुढच्या वर्षी तुमचा अर्ज वर असतो तो याच्यामुळे.

पालकांच्या ग्रुपवर मात्र त्याच दिवशी मेसेज टाका: पुढच्या तीन आठवड्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरला "आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात गेलो होतो" हे आधी सांगा. पुण्या-मुंबईतला डॉक्टर मलेरिया किंवा स्क्रब टायफस पहिल्या दिवशी मनात आणेलच असं नाही. स्क्रब टायफसमध्ये किडा चावला तिथे कधीकधी सिगरेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते, दुखत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही, तर ती डॉक्टरला दाखवा.